ममीचा अर्ज

तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा अबोलीने लॅपटॉप फाडकन मिटला.

"चौघांनी हात वर केला," ती शिवांगीला म्हणाली. "टिपणीसकाकांनी नाही. नेहमीप्रमाणे."

शिवांगी तिची रूममेट. कोलंबसमधल्या त्यांच्या लहानशा अपार्टमेंटच्या बाल्कनीत अबोलीने दोन वर्षांत मासे, कोंबड्या आणि एकदा डुकराचा अख्खा पाय मिठात घालून वाळवला होता. शिवांगीने ते सगळं सोसलं होतं, त्यामुळे या अर्जावर तिचाही थोडा हक्क होता.

अबोली अलिबागची. मासळी कशी खारवतात ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. इथे ती प्राचीन इजिप्तच्या ममींवर पीएचडी करत होती. तिला एकच गोष्ट करून बघायची होती. त्या लोकांची पद्धत, तशीच अवजारं आणि नेट्रन नावाचं तेच खारं मिश्रण वापरून आज एक मानवी देह टिकवायचा. सत्तर दिवस, त्यातले चाळीस त्या मिश्रणात. तसं लिहून देणारा देहदाता लागणार होता, पण त्याआधी विद्यापीठाच्या देहदान समितीची पाचही मतं हवी होती.

समितीत चार प्राध्यापक होते आणि पाचवे जगन्नाथ टिपणीस. नागरिकांचे प्रतिनिधी. कोलंबसशेजारच्याच डब्लिन गावात राहणारे, औषध कंपनीतून रिटायर झालेले केमिस्ट. मराठी माणूस आहे म्हटल्यावर अबोलीला आधी हायसं वाटलं होतं.

पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी नेट्रनमधल्या सोड्याचं प्रमाण चुकीचं असल्याचं दाखवून दिलं. दुसऱ्या वेळी विचारलं, चाळीस दिवसांत वजन किती घटेल. तिसऱ्या वेळी, घरच्यांना शेवटी काय पाहायला मिळेल.

त्या तिसऱ्या मीटिंगनंतर त्यांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. कोट त्यांना मागच्या वेळेपेक्षा सैल होत होता. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलणारे काका बाहेर आले की मराठीवर येत.

"राग आला ना?"

"नाही काका."

"आला असणार. मला एक सांग, त्या लोकांनी एवढा खटाटोप कशासाठी केला? आपण तर दोन तासांत राख करून मोकळे होतो."

या प्रश्नावर अबोली राग विसरायची. आताही विसरली.

"परतीसाठी, काका. त्यांचा विश्वास होता की आत्मा देहाकडे परत येतो. मग त्याला आपला देह ओळखता यायला हवा. म्हणून आतलं जे जे कुजेल ते काढायचं. आतडी, यकृत, फुप्फुसं वेगळी वाळवायची. मेंदू नाकातून आकड्याने काढून टाकून द्यायचा. पण हृदय जागच्या जागी ठेवायचं. माणूस विचार हृदयाने करतो असं मानायचे ते."

"मेंदू टाकून द्यायचे?" काका हसले. "मग आयुष्यभर मी उगाच अभ्यास केला." मग ते थांबले. "आणि चेहरा? ओळखू येतो?"

"डुकराच्या पायावरून चेहऱ्याचं कसं सांगू?"

"तेच म्हणतोय. शोधून काढ आणि अर्जात लिही."

अबोली घरी येईपर्यंत धुमसत होती. पण दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत बसली आणि हिवाळाभर तिथेच राहिली. चेहऱ्याची कातडी कशी आक्रसते, त्वचेखाली काय भरलं तर गाल बसत नाहीत, पापण्यांवर कसल्या पट्ट्या ठेवायच्या, सगळं तिने खणून काढलं. चौथ्या अर्जात फक्त चेहऱ्यावर अकरा पानं होती. पाठवताना तिलाच कळलं, आधीचे तिन्ही अर्ज कच्चे होते.

आठवड्याने समितीचा ईमेल आला. टिपणीसांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी एक निवृत्त लायब्रेरियन आली, आणि वीस मिनिटांत पाच हात वर झाले.

शिवांगीने इंडियन स्टोअरमधून पेढे आणले.

"काका गेले आणि माझं काम झालं," अबोली म्हणाली. "मला इतका आनंद होतोय, मी वाईट आहे का?"

"थोडीशी," शिवांगी म्हणाली आणि तिला दुसरा पेढा भरवला.

एप्रिलमध्ये एका सकाळी लॅबमधून फोन आला. देहदात्याचा देह आला होता. नियमाप्रमाणे तिला नाव कळणार नव्हतं, फक्त नंबर. अबोली पंधरा मिनिटांत पोचली. पोत्यांमध्ये अडीचशे किलो नेट्रन तयार होतं, सुती पट्ट्यांच्या गुंडाळ्या होत्या, दगडी पातं होतं. तिने सगळं एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. चार वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती.

ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर सुती साडीतल्या एक बाई बसल्या होत्या.

"तू अबोली ना गं?"

"हो. तुम्ही?"

"मी सुमित्रा. सहीसाठी बोलावलंय मला." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "खुशीत दिसतेस."

"आजपासून माझं काम सुरू होतंय, काकू." तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. "चार वेळा अर्ज केला तेव्हा कुठे."

"ठाऊक आहे. चारही वाचलेत आम्ही."

अबोली शेजारच्या खुर्चीवर बसली.

"शेवटच्या अर्जातलं चेहऱ्याचं त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं," काकू म्हणाल्या. "म्हणाले, आता पोरीचं काम पक्कं झालं. मग राजीनामा लिहायला बसले. मी विचारलं तर म्हणाले, टेबलावर जो निजणार, त्यानेच मत कसं द्यायचं."