सिंहिणीचं बारसं

म्हाताऱ्या पारमुआतची ठिपक्यांची गाय सिंहिणीने मारली, तसा तो भाला घेऊन निघाला. सिंहांना नावं देऊन त्यांच्यावर नजर ठेवायला मसाई वस्त्यांनीच नेमलेला लेकिशोन त्याच्याबरोबर चालू लागला. म्हातारा अडवून थांबणारा नव्हता, बोलायला लावलं तर थांबला असता.

"नाव काय त्या सटवीचं?"

"कळपात नवीन आहे, बाबा, अजून नाव पडलं नाही. ज्याची गाय गेली, त्यानेच नाव ठेवायचं."

"वागायला कशी आहे?" पारमुआतची चाल जरा मंदावली.

"शिकार कुणीही करो, पहिला घास हिचा. आयाळवालेसुद्धा हिच्यापुढे कान पाडतात. आणि एकदा गुरगुरायला लागली की उजाडेपर्यंत थांबत नाही."

पारमुआत थांबून हसला. "अरे, ही तर आमची सासू."

"मग सासूबाईंचंच नाव ठेवू?"

"ठेव. भाला खुपसताना हात जोरात चालेल."

लेकिशोनने लगेच वायरलेसवरून सगळ्या वस्त्यांना नाव कळवलं.

पुढच्या वळणावर सिंहीण वाटेतच बसली होती, तोंड त्यांच्याकडे करून. पारमुआतने भाला उचलला आणि हात तसाच राहिला. मसाई जावई सासूच्या नजरेसमोर उभा राहत नाही. ती वाटेत भेटली तर वाट सोडतो. आणि हे नाव तर आता वस्तीवस्तीत पोचलं होतं. म्हातारा निमूट वाटेवरून उतरला, बाभळीमागे गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"बघ रे पोरा," तो तिथूनच कुजबुजला, "गेल्या का त्या?"