दम

"काका, या गाठीतल्या पेशींना प्राणवायू जवळजवळ मिळतच नाही. तरी त्या मरत नाहीत, उलट चिवट होतात. तपासणीत तशाच खुणा निघाल्यात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मेंदूतली अशी गाठ असलेले पेशंट फार काळ..."

बाबल तारीने डोक्यावरची पट्टी चाचपली. "म्हणजे ही माझ्यासारखीच दम धरून बसलीहा?" आणि तो खो खो हसला. बायको रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

बंदरात कुणाचा नांगर खडकात अडकला की बाबललाच बोलावणं यायचं. नळी नाही, टाकी नाही. छाती भरायची आणि तळ गाठायचा. पोरवयात तर पैजा लागायच्या. दोघांनी एकदम बुडी मारायची, आधी वर येईल तो हरला. बाबल एकदाही हरला नव्हता.

किरणोपचाराच्या पहिल्या दिवशी जाळीचा मुखवटा त्याच्या तोंडावर घट्ट आवळला गेला. "घाबरू नका, श्वास घेत राहा," टेक्निशियन म्हणाला.

बाबलने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि डोक्यातल्या गाठीला दातांआडून बजावलं, "चल गो बाये, मार बुडी. बघूया, आदी कोण वर येता!"