जास्तीचं हाड

वरवंडच्या ज्ञानेश्वरीला तिची सासू दगडाबाई आठ वर्षं एकच विचारत आली होती, "माहेराहून आणलंस तरी काय गं तू?"

दसऱ्याच्या तोंडावर झेंडू तोडताना ज्ञानेश्वरीचा पाय मुरगळला. पाय सुजला, तरी "नाटकं नकोत" म्हणत सासूनं तिला दिवाळीपर्यंत तोडणीला उभं केलं. पाऊल टेकवेना, तेव्हा कुठं नवऱ्यानं दौंडला नेऊन एमआरआय काढला. सासूही सोबत गेली.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बारकं जास्तीचं हाड जन्मापासूनचं आहे. पुष्कळांना असतं, त्याचं काही नाही. पण त्याला धरून असलेली ही स्नायूची दोरी फाटलीय. मुरगळल्यावर लगेच विश्रांती दिली असती, तर इतकी फाटली नसती."

बाहेर येताच दगडाबाईनं ज्ञानेश्वरीच्या वडिलांना फोन लावला. "पाव्हणं, डॉक्टर म्हणतोय जन्मापासूनचं हाय. बघायला आलो तवा पोरीला चालवून बघितली हुती, तरी दडवलंत तुम्ही. आता तुमचं तुम्ही घिऊन जावा."


ज्ञानेश्वरीनं माहेराहून काय आणलं, ते आठ वर्षांनी सासूला सापडलं होतं.