दारावरच्या थापा

मंगळवारी लंडनवर बाँब टाकणारी विमानं आली, तेव्हा आसऱ्याचं तळघर भरलं म्हणून तिथल्या रखवालदारानं, पेटिफरनं, दाराला अडसर घातला. विनीची धाकटी बहीण मॉड आणि गल्लीतली आणखी काही माणसं बाहेर दार बडवत राहिली आणि तिथंच कोसळलेल्या भिंतीच्या चुन्या-विटांखाली मेली.

शुक्रवारी भर दुपारी पुन्हा भोंगा झाला. विनी तळघरात मुद्दाम पेटिफरच्या समोर जाऊन बसली.

"असं रोखून काय बघता, बाई? नियम मी केलेले नाहीत."

"मग अडसर कुणी घातला? नियमांनी?"

एवढ्यात दारावर थापा पडल्या.

"हादऱ्यानं वाजतंय," पेटिफर घाईनं म्हणाला. "कुणी उठायचं नाही!"

विनी उठली. "अडवून तर बघा मला!" तिनं अडसर काढून भिरकावला आणि दार सताड उघडलं.

पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. नुसती धूळ उडत होती.

ती परत येऊन बसते तोच शेजारची म्हातारी कुरकुरली, "ढकलू नका हो." मग सगळेच अंग चोरून सरकू लागले. तळघर अर्धं रिकामं होतं, तरी माणसं भिंतीला चेपली जाऊन धापा टाकू लागली.

पेटिफर दाराकडे धावला आणि मोकळ्या जागेत मध्येच अडकला. कोपरं मारत तो किंचाळला, "वाट द्या! बाहेर जाऊ द्या मला!"

विनीच्या खांद्यावर कुणीतरी हळूच डोकं टेकलं. ओल्या चुन्याचा वास आला. तिनं मान वळवली नाही. पेटिफरवरची नजरही काढली नाही.