भीती छाटलेला उंदीर

"मॅडम, तुमचा विश्वास बसणार नाही, पण खोटं असेल तर मिशा उतरवीन!" रिकामा पिंजरा पाठीमागे लपवत भिवानाना म्हणाले. प्रयोगशाळेतले प्राणी तेच सांभाळायचे. आणखी एक उंदीर हरवला तर थेट फाटकावर राखणीला, असा दम मॅडमनी भरलेला.

"तुमचं ते जनुकं कापणारं एन्झाइम काल टोचलंत ना? त्यानं नेमकं भीतीचंच जनुक छाटलं बघा! सकाळी उंदरानं आपल्या हातानं कडी काढली, माझ्या बशीतला चहा ढोसला आणि जिन्यावरच्या बोक्याला असं बुकललं की बोका गाव सोडून पळाला. उंदीर त्याच्या मागे! मी ओरडलो, अरे, मॅडम रागावतील! तर म्हणतो, कोण मॅडम?"

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. नानांना धीर आला. तेवढ्यात टेबलाखालून बोका मिशा चाटत बाहेर आला.

"हा त्याचा भाऊ," नाना घाईनं म्हणाले.

"नाना, ह्या उंदराला एन्झाइम दिलंच नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "तुलनेसाठी ठेवलेला तो. काल टोचलं ते नुसतं मिठाचं पाणी. आता मिशा उतरवा, आणि फाटकावर जाताना ह्या भावालाही सोबत न्या."