उलटे खिळे

“थंड?” तिसरीतल्या ठमीने विचारलं.

“गरम,” आजोबा म्हणाले.

“उथळ?”

“खोल.”

ठमी डोळे मोठे करून बघतच राहिली. बाईंनी वीस विरुद्धार्थी शब्द दिले होते. घरात कुणाला तरी विचारून जोड्या लावायच्या, मग त्यांची वाक्यं लिहायची. आत्या कामात होती, म्हणून तिने आपलं आजोबांना विचारलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांना साधं पाणी मागता येत नव्हतं. आणि इथे तेरा विचारले, तेरा बरोबर!

आतल्या खोलीत आत्या बॅग भरत होती. महिनाभर तिने बापाला घास भरवला, कूस बदलली, पाय चेपले. पण ती समोर आली की आजोबांचं एकच, “जा! जा!”

“एवढी डोळ्यांत खुपते ना मी,” ती आतूनच म्हणाली, “मग जातेच. तीनची गाडी आहे.”

आजोबांनी खिडकीकडे बोट केलं. “उघड.”

ठमी उठली. खिडकी तर सताड उघडी. ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर. ती जरा घुटमळली, मग तिने हळूच खिडकी लावून घेतली. आजोबांच्या कपाळावरची आठी विरली.

ठमीची पेन्सिल तोंडातच राहिली.

आजोबांचा जन्म छापखान्यात गेला, शिशाचे खिळे जुळवण्यात. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर सुलटं उमटतं. एक खिळा आरशासमोर धरून त्यांनीच तिला दाखवलं होतं.

ती आत धावली. “आत्या, आजोबा खिळ्यांसारखं बोलतायत! आपण उलटं वाचायचं!”

“ठमे, आता तुझा अभ्यास नको गं मला. गाडी चुकेल.”

“एकदाच विचार त्यांना. मग जा.”

आत्या बॅग खांद्याला अडकवूनच पलंगापाशी आली. ओठ घट्ट मिटलेले. मग वाकली.

“बाबा, निघू मी?”

“हो, हो,” आजोबा म्हणाले, आणि चालत्या हाताने तिच्या बॅगेचा पट्टा असा आवळून धरला, की बोटांची पेरं पांढरी पडली.