बारा कोट

"घरात खिडक्या किती?"

"तीन. त्यातली एक उघडत नाही."

"आई, उघडत नाही ते सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर?"

"नाही विचारणार."

"खिडक्या मोजणार आणि उघडतात का ते नाही विचारणार? कसला साहेब म्हणायचा हा?"

हॉटेलच्या तळघरात, मळक्या चादरींच्या ढिगाआड उभा राहून तो फोनवर आईची शेवटची उजळणी घेत होता. सातासमुद्रापलीकडे आई व्हिसाच्या कचेरीबाहेर रांगेत उभी होती. आत काउंटरवर साहेब तिला मुलाबद्दल प्रश्न विचारणार होता आणि तिची उत्तरं मुलाच्या अर्जाशी ताडून बघणार होता. आईला कायमचं आपल्याकडे आणण्यासाठी त्याने केलेला हा अर्ज बेचाळीस पानांचा होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: तफावत आढळल्यास अर्ज नामंजूर, पुढची सहा वर्षं नवा अर्ज करता येणार नाही.

आई त्र्याहत्तर वर्षांची होती. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे शिवले. आता तिला सुईचं भोक दिसत नव्हतं. मागच्या महिन्यात तिने एका झग्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. ते एक वेळ चाललं असतं, पण त्याच आठवड्यात गॅसचा वास कुठून येतोय हे विचारायला ती शेजारी गेली. वास तिच्याच घरातून येत होता.

तीन आठवडे तो तिची तयारी करून घेत होता. घराचा पत्ता, मजला, पलंग किती, फ्रिजचा रंग. आई पाढ्यांसारखं म्हणून दाखवायची. एकच प्रश्न त्याने घेतला नव्हता. अर्जाच्या एकोणिसाव्या पानावर, 'व्यवसाय' या शब्दासमोर, त्याने खरं ते लिहिलं होतं: लाँड्री कामगार.

आईला त्याने बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं की तो मॅनेजर आहे.

नुसतं सांगून थांबला असता तर ठीक. पण दरवर्षी तो तिला एक फोटो पाठवायचा. पाहुण्यांचे कोट धुवायला खाली येत. त्यातला एक बरा बघून तो अंगात चढवायचा आणि इस्त्रीवाले मामा फोटो काढायचे. फोटो कमरेपर्यंतच, कारण खाली गमबूट असायचे. बारा वर्षांत बारा कोट झाले. भेटायला का येत नाहीस असं आईने विचारलं की तो म्हणायचा, मॅनेजरला सुट्टी नसते. हे अगदीच खोटं नव्हतं. लाँड्रीवाल्यालाही नसते.

"सांगून टाक की रे," इस्त्रीवरून नजर न काढता मामा म्हणाले. "खून नाही केलास. चादरी धुतोस."

त्याने घसा खाकरला. "आई, अजून एक सांगायचं राहिलंय. माझ्या कामाचं..."

"अरे, सगळं पाठ आहे मला. चल, ठेव, माझा नंबर आला."

फोन बंद झाला.

पुढचा तासभर तो मशीनच्या गोल काचेसमोर उभा होता. आत दुसऱ्यांच्या चादरी गरगर फिरत होत्या. सात प्रश्न विचारतात असं त्याने ऐकलं होतं. पत्ता, मजला, खिडक्या, पलंग, फ्रिज, लग्न, तब्येत. झाले सात. आठव्याला साहेबाकडे वेळ नसेल. साहेबालाही आई असेल. साहेबाला आज जेवायला लवकर जायचं असेल. मामांनी उशीच्या एकाच अभ्र्याला दोनदा इस्त्री केली.

फोन वाजला.

"नाही म्हणाला रे," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, दूध नासलं हे सांगावं तसा. "खिडक्या विचारल्याच नाहीत मेल्याने. एवढ्या पाठ केल्या."

"मग काय विचारलं?"

"मुलगा काय करतो म्हणाला. म्हटलं, मॅनेजर आहे. तर म्हणतो, आजी, कागदावर लाँड्री कामगार आहे, नीट आठवून सांगा. म्हटलं, आठवायचं काय त्यात? तुमचा कागद चुकलाय. तीनदा विचारलं त्याने. बिचारा बरा होता स्वभावाने. तिसऱ्यांदा तर पाणी देऊन विचारलं."

तो ओल्या चादरींवर खाली बसला. सहा वर्षं. म्हणजे आई एकोणऐंशी.

"आई," तो म्हणाला, "कागद बरोबर होता. मी मॅनेजर नाहीये. कधीच नव्हतो. मी चादरी धुतो."

पलीकडे रस्त्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होतं.

"माहितीये मला," आई म्हणाली.

"काय?"

"पहिल्या फोटोपासून. तेव्हा डोळे चांगले होते माझे. चाळीस वर्षं लोकांचे खांदे मोजलेत मी. बारा कोटांतला एक तरी तुझ्या मापाचा होता का? एकाच्या तर कॉलरला धुलाईची चिठ्ठी तशीच टाचलेली."

मामांनी इस्त्री उभी केली.

"अगं, मग साहेबाला खरं का नाही सांगितलंस?" तो जवळजवळ ओरडलाच. "त्याने तीन वेळा विचारलं तुला!"

"वा रे वा," आई म्हणाली. "मागे एवढी माणसं रांगेत उभी. त्यांच्यादेखत माझ्या लेकाला खोटं पाडू होय?"